खरपुडीला पाणी

विश्रांतवाडीत मला काही वर्षं ‘गवतवाल्या बाई’ म्हणत असत. पाठीमागे म्हणत, पण पुण्यात पाठीमागचं बोलणंही समोरच्याला ऐकू जाईल अशा बेतानेच करतात. मी तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. पर्यावरण हा विषय नव्यानेच सक्तीचा झाला होता आणि नवा विषय आला की तो विज्ञानाच्या बाईंच्या गळ्यात घालायचा, हा शाळांचा जुना रिवाज. मुलांनी ‘प्रदूषण : एक समस्या’ असे निबंध एकमेकांचे बघून उतरवायचे, मी त्यावर बरोबरच्या खुणा करायच्या आणि पृथ्वी वाचवायची. मला काही ते जमेना. न पटलेलं काम मी करू शकते, पण तोंड बंद ठेवून नाही करू शकत.

शाळेच्या मागे कुंपणालगत एक चढाचा कोपरा होता. शाळा बांधताना उरलेला राडारोडा तिथे टाकलेला, त्यावर गाजरगवत, घाणेरी आणि सुबाभळीची माजलेली रोपं. तिथे चेंडू गेला तर मुलं खेळ थांबवत, कारण आत शिरलं की अंगाला खाज सुटायची. मी मुख्याध्यापिकाबाईंना म्हटलं, “हा कोपरा मला द्या. नववीच्या मुलांना घेऊन इथलं मूळचं रान परत आणते.”

त्या तेव्हा कॉम्प्युटर लॅबच्या पाठीमागे लागल्या होत्या. ते दिवसच तसे होते. प्रवेशाला आलेले पालक मुलाचं नाव सांगायच्या आधी विचारत, “कॉम्प्युटर आहेत ना शाळेत?”

“मूळचं रान म्हणजे नक्की काय लावणार?” बाईंनी विचारलं.

“मुख्यतः गवत.”

“अहो, लोक गवत काढतात.”

“ते बाहेरून आलेलं काढायचं आणि इथलं लावायचं.”

“आता गवतातही आपलं-परकं आलं का?” त्या म्हणाल्या. “बरं, करा. साप निघाला तर मात्र तुम्ही बघायचं.”

तर असा आमचा शुभारंभ. दर शनिवारी शाळा सुटल्यावर नववीचा वर्ग कोपऱ्यात उतरायचा. गाजरगवत फुलायच्या आत मुळासकट उपटायचं, घाणेरी खणून काढायची, राडारोडा घमेल्यांनी बाहेर न्यायचा. घमेली चार आणि हात ऐंशी, त्यामुळे कामापेक्षा भांडणं जास्त. ती सोडवायला माझी मॉनिटर होती. तिला मी इथे मॉनिटरच म्हणते. अंगाने काडी, पण तिचा आवाज निघाला की मागच्या बाकावरची आडदांड पोरंसुद्धा सरळ बसायची. कुणी काम चुकवलं तर ती माझ्याकडे तक्रार आणत नसे, परस्पर निकाल लावायची. मला ती फार आवडायची, कारण माझंच तोंड तिला मिळाल्यासारखं होतं.

गवताचं बी आणायला आम्ही धानोरीच्या बाजूच्या एका मुरमाड टेकाडावर जात होतो. त्याला नाव नव्हतं. बकऱ्या चरायच्या, संध्याकाळी दोन-चार म्हातारे येऊन बसायचे, एवढाच त्याचा उपयोग. पण पावसाळ्यात तिथे जे उगवायचं ते बघून मी वेडी व्हायचे. भाद्रपदातल्या एका शनिवारी मॉनिटरने मला ओरडून बोलावलं. गवताच्या काडीला धरून एक नाजूक वेल वर चढला होता आणि त्याला बोटाच्या पेराएवढी फुलं आली होती, खाली फुगीर, मध्ये नळी आणि वर पाकळ्या टोकाला जुळून झालेला छोटासा कंदील. “बाई, हे कुणी बनवलंय?” ती म्हणाली. प्रश्न मला फार योग्य वाटला.

ती खरपुडी होती. चपटा, पेढ्यासारखा कंद जमिनीत असतो. पावसात वेल येतो, फुलतो, दिवाळीपर्यंत वाळून जातो. मग पुढचा पाऊस येईपर्यंत कंद कोरड्या मातीत गप्प पडून राहतो. पुण्याच्या आसपासच्या माळांवर पूर्वी ती पुष्कळ होती. त्या टेकाडावर एका उताराला तिची चांगली वस्ती होती. मुलांनी प्रत्येक वेलाशेजारी चुना लावलेला दगड ठेवला, म्हणजे वेल वाळला तरी जागा सापडेल.

आणि दोन आठवड्यांत टेकाडाला पत्र्याचं कुंपण पडलं. आत आयटीची इमारत होणार होती. घरी मी आदळआपट केली. माझा नवरा सॉफ्टवेअरमध्ये. तो रात्री अमेरिकेशी बोलायचा आणि सकाळी आमच्याशी बोलायला त्याच्यात त्राण नसायचं. तो म्हणाला, “अगं, उद्या आमचंच ऑफिस तिथे यायचं. नोकऱ्या येतील, वाईट आहे का?” वाईट कसं म्हणू? घरातला फ्रीज, माझी स्कूटी, लेकीची शाळा, सगळं त्याच धंद्याच्या जिवावर चाललेलं. मला फक्त राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते समजत नव्हतं.

वर्गाला मात्र समजलं. टेकाड सपाट करायला जे मशीन आलं होतं ते चालवणारे मॉनिटरचे वडील होते.

पोरं काय, पोरंच. “तुझ्या बापानं टेकडी खाल्ली,” “राक्षस, राक्षस,” सुरू झालं. मॉनिटरने एकाच्या डोक्यात कंपासपेटी घातली. मी दोघांनाही उभं केलं आणि वर्गाला असं काही सुनावलं, की वर्गात चिडवणं बंद झालं. वर्गाबाहेरचं बंद करणारी मी कोण? पण खरं दुखणं वेगळंच होतं. ते तिने मला एकदा घमेलं उचलताना सांगितलं. चिडवून घेऊन ती घरी गेली, तेव्हा वडील नुकतेच कामावरून येऊन हातपाय धूत होते. ती त्यांना म्हणाली, “तुम्ही टेकडी मारलीत.” बकऱ्या राखत लहानाचा मोठा झालेला माणूस तो, त्याला माळ म्हणजे काय ते कुणी सांगायला नको होतं. तेव्हापासून ते तिच्याशी हवं-नको एवढंच बोलत. जेवताना तिच्या आईकडे बघत.

“सॉरी म्हण,” मी म्हटलं.

“म्हटलं बाई. ते म्हणाले, खरं तेच बोललीस.” मग तिने घमेलं डोक्यावर घेतलं आणि म्हणाली, “खरपुडी आपल्या कोपऱ्यात आली ना, की मी त्यांना आणून दाखवणार. मग ते ऐकतील.”

तेव्हापासून माझ्यासाठी तो कोपरा म्हणजे पर्यावरण वगैरे राहिला नाही. एका मुलीला बापाशी पुन्हा नीट बोलायचं होतं आणि त्यासाठी पावसाळ्यात खरपुडी उगवायला हवी होती, एवढी साधी गोष्ट झाली.

कुंपणाआडची खरपुडी बाहेर आणायचा मार्ग त्या वडिलांनीच काढला. एक दिवस ते शाळेत आले, धुळीने भरलेले बूट दाराबाहेर काढून. “मॅडम, मी न्हाई चालवलं तर दुसरा चालवंल,” ते म्हणाले. “पण काम मी पलीकडच्या अंगानं धरलंय. तुमच्या चुन्याच्या दगडांचा उतार शेवटाला ठेवतो. रविवारी मशीन बंद असतं. पोरांना घेऊन या, वॉचमनशी बोललोय.”

मधल्या काळात आम्ही कुंपणाबाहेरच्या माळावरून गवताचं बी गोळा केलं. त्याची आमची रीत अशी होती, की मुलांनी जुने लोकरी मोजे चढवायचे आणि पिकलेल्या कुसळी गवतातून नुसतं चालत सुटायचं. कुसळं मोज्यांत रुतून बसतात. मग वर्गात बसून ती एकेक उपसायची. बी फुकट मिळतं आणि नववीच्या पोरांना चालायला सांगितलं की ती खुशीत पळतात. त्यांच्या आयांनी मला जे काय म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. एकीने एवढंच विचारलं, “शाळेत कॉम्प्युटर शिकवणार होतात ना?”

याच दिवसांत आमच्यात बाबा सामील झाले. बाबा म्हणजे माझे सासरे. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांचा सगळा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून सासूबाईंना घेऊन ते आमच्याकडे आले आणि सासूबाई गेल्यापासून त्यांनी बोलणंच टाकलं होतं. सकाळी बुद्धवंदना, मग पेपर, मग खिडकी. विचारलं तर उत्तर द्यायचे, पण आपणहून शब्द नाही. भरल्या घरात माणूस असा बसला की जेवण घशाखाली उतरत नाही. मी त्यांना चिडून बोलून पाहिलं, गोड बोलून पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

शाळेतल्या खुरप्यांच्या मुठी निसटत होत्या म्हणून मी खुरपी एकदा घरी आणून गॅलरीत टाकली. सकाळी उठून पाहते तर बाबा खाली बसून लाकूड तासतायत. सगळ्या खुरप्यांना नव्या मुठी, वर पात्यांना धार. “पोरांच्या हाताला लहान मूठ पायजे,” ते म्हणाले. गावाकडची बोली त्यांची कधी गेली नव्हती. मी आत जाऊन चहा टाकला, कारण मला रडू येत होतं. शनिवारी खुरपी पोचवायला म्हणून ते स्वतः आले आणि मग दर शनिवारी येतच राहिले. मुलांनी त्यांना ‘आजोबा’ करून टाकलं. त्यांचं बोलणं परत आलं ते त्या पोरांमुळे. आमची त्यात काडीची मदत नाही.

एकदा उन्हात काम चाललं होतं. कुणीतरी दुसऱ्याच्या बाटलीतलं पाणी न विचारता प्यायलं आणि त्यावरून जुंपली. बाबांनी दोघांना जवळ बसवलं. म्हणाले, “आमच्या गावात विहिरीला हात लावायची आमाला सोय नव्हती. मी आईसंगं घागर घिऊन बसायचो. कुणी मोठ्या घरचं आलं अन् त्याच्या मनात आलं, तर वरनं ओतायचं. कधी कधी दुपार व्हायची. मी एवढासा होतो.” मुलं ऐकत राहिली. मीसुद्धा. इतकी वर्षं त्यांच्या घरात सून म्हणून राहून मी हे पहिल्यांदा ऐकत होते. “तवापासनं ठरीवलं, आपल्या हातात पाणी असंल तर तहानलेल्याला न्हाय म्हनायचं न्हाय.” आणि ते त्यांनी पाळलं होतं हे मी पाहत होतेच. खडकीला क्वार्टरसमोरची झाडं उन्हाळाभर त्यांनी बादल्यांनी जगवली होती. आमच्याकडे पोस्टमनसुद्धा पाणी प्यायल्याशिवाय जिना उतरत नसे.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही टेकाडावर गेलो. पलीकडची बाजू तोडून झाली होती, मशीन तिथे गप्प उभं होतं. आमच्या उताराला त्याचा धक्काही लागला नव्हता. चुन्याचे दगड शोधून मुलांनी लहान मुठींच्या खुरप्यांनी भोवतालचा मुरूम हलक्या हाताने सैल केला आणि कंद मातीसकट उचलले. एकालाही चीर गेली नाही. मॉनिटर प्रत्येक कंद ओंजळीत धरून बाबांकडे न्यायची, ते टोपलीत ओल्या नव्हे, कोरड्याच मातीत नीट मांडायचे. शाळेच्या कोपऱ्यात आम्ही मुरूम टाकून जागा केली होती, तिथे सगळे पुरले. महिनाभरात टेकाड उरलं नाही. इतक्या लवकर ते जाईल असं मला वाटलं नव्हतं.

मग मुलांचं एकच टुमणं, उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार? मी वर्गात चार वेळा सांगितलं, “कुणीही घालायचं नाही. कंद झोपलेत. झोपलेल्याला पाणी पाजतात का?” घरी जेवताना मी हसत सांगितलं, पोरं पाळ्या लावून उन्हात यायला निघाली होती, मी म्हटलं काही गरज नाही, कुणी यायचं नाही. बाबा मान खाली घालून भाकरी मोडत होते. ते “हां” म्हणाले. मे महिन्यात मी लेकीला घेऊन माहेरी वाईला गेले.

जूनमध्ये शाळा उघडली आणि पहिल्याच दिवशी मी कोपऱ्यात गेले. आजूबाजूची जमीन अजून तडकलेली होती आणि आमच्या मुरमाच्या जागेवर मात्र हिरवंगार गाजरगवत. दगडांना शेवाळ. मॉनिटर आधीच तिथे उकिडवी बसली होती. तिने बोटांनी माती बाजूला केली, कंद हाताला लागला आणि हातातच त्याचा लगदा झाला. वास आला. तिने दुसरा उकरला, तिसरा उकरला. आता दहावीत गेलेला सगळा वर्ग भोवती उभा होता.

“कुणी तरी पाणी घातलंय बाई,” ती म्हणाली. “रोज घातलंय. जो कोणी असंल ना, मी त्याला सोडणार नाही.” शिपायावर संशय गेला, शेजारच्या सोसायटीच्या माळ्यावर गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्या माळ्याला तर मी कुंपणावरून नको नको ते बोलले. बिचारा बघतच राहिला.

संध्याकाळी घरी गेले. बाबा दारातच. डोळ्यांत नुसता उत्साह.

“मग? वर आलं का कायतरी?”

मी म्हटलं, “कुठे काय, बाबा?”

“खरपुडी गं. तू गेल्यापासनं एक दिस चुकवला न्हाय. पहाटे कॅन घिऊन जायचो. तुला सांगितलं न्हाय, म्हटलं, एकदम दिसूदे. पोरांनी उन्हात यिऊ न्हाय म्हून तू नको म्हनालीस, मला ठाव होतं. मी रिकामाच हाय की.”

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. राग कुणावर करू? म्हातारा माणूस पहाटे उठून, खांद्याला कॅन लावून, वैशाखात पाणी घालायला जात होता. त्याच्या लेखी माती तहानलेली होती आणि त्याच्या हातात पाणी होतं. नवरा मागून आला. त्याने ऐकलं होतं. “सांगू नकोस हां,” तो हळूच म्हणाला. “पुन्हा गप्प होतील. मग माझ्याच्यानं ते बघवणार नाही.” बाबांना मी ‘अजून पाऊस कुठे झालाय’ एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला खरं ते सांगितलं. शिपाई आणि माळी फुकट शिव्या खात होते, ते मला चालणार नव्हतं. “आजोबांनी घातलं,” मी म्हटलं. “त्यांना ठाऊक नव्हतं.” मॉनिटर खाली बघत होती. तास संपल्यावर मी तिला थांबवलं, तर म्हणाली, “बाई, घरी मी वडिलांना सांगून बसलेय. पाऊस पडला की या म्हणून. त्यांनी सुट्टीपण मागून ठेवलीय.” आणि दप्तर उचलून गेली. मी तिला काय सांगणार होते? दुसरं टेकाड शोधू? दुसऱ्या टेकाडावरची खरपुडी तिच्या उपयोगाची नव्हती.

शुक्रवारी रात्री पहिला पाऊस पडला आणि शनिवारी बाबा शाळेत यायला निघाले. मी म्हटलं, चिखल आहे, कंबर धरेल, राहू द्या. ऐकतील तर ना! इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. वाटेत मी ठरवलं, की आता मीच बोलायचं आणि काय व्हायचं ते होऊ दे. मला धास्ती होती ती मॉनिटरच्या तोंडाची. त्या पोरीला मी वर्षभर तिखट बोलण्याबद्दल मनातल्या मनात शाबासकी देत आले होते आणि आता मला त्याचीच भीती वाटत होती.

मुलं कोपऱ्यात गाजरगवत उपटत होती. बाबांना पाहून हात थांबले. बाबांनी मुरमाकडे पाहिलं, मग पोरांकडे.

“काय रे, कुनी बोलंना का? आलं न्हाय व्हय अजून?”

मी पुढे झाले. पण मॉनिटर माझ्या आधी उठली, हाताची माती फ्रॉकला पुसत.

“ते येणार नाहीत आजोबा,” ती म्हणाली. “मेले सगळे.”

“मेले? अन् पानी तर मी रोज...” बाबा थांबले. त्यांनी पुन्हा त्या हिरव्या मुरमाकडे पाहिलं, शेवाळलेल्या दगडांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. आयुष्यभर बारीक काम केलेला माणूस, किती वेळ लागणार? “पान्यानं मेले का गं?” त्यांनी मला विचारलं.

“छे!” मॉनिटर जोरात म्हणाली. “पाण्यानं कोण मरतं का आजोबा? ते टेकडीवरच गेले होते. मशीनचे दणके बसले ना रोज, आतून फुटले होते. वरून कळत नाही. आमचे बाबाच चालवत होते, त्यांनी फोडले.”

आमच्या कोपऱ्यात चाळीस मुलं उभी होती आणि प्रत्येकाला ठाऊक होतं, की एकाही कंदाला चीर गेली नव्हती. तिच्या बापाला राक्षस म्हणणारी पोरंही त्यात होती. एकाने तोंड उघडलं नाही. मी शिक्षिका आहे, समोर कुणी चुकीचं बोललं की मला दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. त्या दिवशी मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. जो डाग बापावरून पुसायचा म्हणून ती पोर वर्षभर घमेली वाहत होती, तोच तिने सगळ्यांदेखत आपल्या हाताने त्याच्यावर लावला. का, तर माझ्या म्हाताऱ्या सासऱ्याला बोल लागू नये. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलं नाही.

बाबांनी तिचं खरं मानलं की नाही, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि नंतर मी कधी विचारलं नाही. ते दगडावर बसले आणि तिला समोर बसवलं.

“पोरी, बापाला बोल लावू नगंस,” ते म्हणाले. “मी जलमभर काडतुसं भरली. हजारानं भरली असतील, लाखानं भरली असतील. ती कुठं गेली, कुनाच्या छातीत बसली, मला कुनी सांगितलं न्हाय. मी इचारलंबी न्हाय. सांजच्याला घरी यायचो, हिच्या नवऱ्याला,” त्यांनी माझ्याकडे बोट केलं, “खांद्यावर घ्यायचो. त्यानं जर मला कधी म्हनलं असतं, की बाबा, तुम्ही मानसं मारता, तर मी जेवलोच नसतो. मशीन चालवनाऱ्याचं पोट असतं गं. टेकडी त्यानं न्हाय मारली.”

मॉनिटरचा चेहरा कसाबसा इतका वेळ टिकला होता, तो आता टिकेना. “मी म्हटलंय त्यांना,” ती म्हणाली. “हेच म्हटलंय आजोबा. तेव्हापासून ते माझ्याकडे बघत नाहीत.” आणि वर्गाची ती वाघीण सगळ्यांसमोर हमसून हमसून रडायला लागली. कंपासपेटी खाल्लेला मुलगा उठून तिच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आला आणि ती कुणाच्या हातात द्यावी ते न कळून तसाच उभा राहिला.

तिने नाक पुसलं. “आजोबा, तुम्ही हे घरी येऊन सांगता का? माझं ते ऐकायचे नाहीत. आज शनिवार आहे, दुपारी घरी असतात.”

“कुठं ऱ्हाता?”

“नाक्याच्या मागे.”

“चल.”

बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून स्वतःला उठवलं, चिखलातल्या चपला पायांत सरकवल्या आणि दोघं फाटकाकडे निघाली. वॉचमनने मुलगी आजोबांबरोबर बाहेर चाललेली पाहून फाटक अडवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “जाऊ दे त्यांना.”